शेवटच्या कप्प्यातली पुस्तकं

वर्णमालेवर देवापेक्षा जास्त श्रद्धा असलेला माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात एकच होऊन गेला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. मामा जुन्या जालन्यातल्या एका वाचनालयाचे ग्रंथपाल. कार्डांच्या कपाटाचे कप्पे अ पासून ज्ञ पर्यंत त्यांनी स्वतःच्या हाताने लावलेले, आणि घरही त्याच शिस्तीत. मिसळणाच्या डब्यात जिरं, तिखट, धने, मोहरी, हळद असाच क्रम. मामींनी हळद जरा हाताशी घेतली की मामा स्वयंपाकघरात येऊन मुकाट्याने ती मागे सरकवून जात. बाजारात आधी कांदे, मग कोथिंबीर, मग टमाटे. टमाटेवाला दारातच बसलेला असला तरी त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. माझ्या लग्नात तर त्यांनी पंगतच आडनावांच्या क्रमाने बसवली. आम्ही पडलो हिवाळे. माझे वडील, म्हणजे साक्षात वरपिता, शेवटून दुसरे बसले; त्यांच्यानंतर फक्त एक क्षीरसागर मास्तर. जिलेबी दोघांपर्यंत पोचलीच नाही. वडील भडकले तेव्हा मामा हात जोडून म्हणाले, "व्याहीबुवा, तुमचा मान कमी केला न्हाई. पर ह च्या मागं क्ष आन् ज्ञ, एवढंच राह्यतं. म्या तरी काय करू?" वडील ती जिलेबी मरेपर्यंत विसरले नाहीत.

दोन हजार सालानंतर कधीतरी वाचनालयात कॉम्प्युटर आला. मी तेव्हा कॉम्प्युटरचे क्लास चालवायचो, विद्यार्थ्यांपेक्षा खुर्च्याच जास्त होत्या. पुस्तकांची यादी करायचं काम मामांनीच शब्द टाकून मला मिळवून दिलं. इमारतीला रंग द्यायचा होता, म्हणून पुस्तकं हलवायचीच होती. मी एकेक पुस्तक हातात घेऊन नोंदवायचो आणि मामा ते मोंढ्यातल्या धान्यबाजारातून आणलेल्या पोत्यात भरायचे. पोती शिवून एका खोलीत त्यांची छतापर्यंत थप्पी लागली. मग मी ऐटीत यादी छापून काढली. मामा त्याच महिन्यात निवृत्त होणार होते, त्यामुळे वाचनालयाचे अध्यक्ष शेठजी माझी यादी आणि मामांची जुनी वही शेजारी-शेजारी ठेवून पडताळायला बसले.

वही ज्ञ वर संपत होती आणि यादी ह वरच संपली. क्ष आणि ज्ञ ची सगळी पुस्तकं गायब.

शेठजींनी चष्मा काढला. "मामा, इतकी वर्षं तुमच्यावर भरोसा केला. किताबं गेली कुठं?"

मामा खोलीतल्या थप्पीकडे बघत नुसते उभे राहिले. आणि मीसुद्धा त्यांच्याकडे क्षणभर संशयाने पाहिलं, हे लिहिताना आजही लाज वाटते. मला माझ्या यंत्राची शंका आली नाही, मामांची आली. यादीखाली एकूण किती पुस्तकं लिहिलीत तेवढं बघावं, ही साधी अक्कल आमच्यापैकी कोणालाच सुचली नाही.

मामा यादी घरी घेऊन गेले आणि पहिल्या ओळीपासून बोट ठेवून वाचत सुटले. मामी म्हणाल्या, दोन दिवस त्यांनी धड जेवणही केलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी ते घामाघूम होऊन माझ्या क्लासवर आले.

"जावईबापू, घावली! क्ष ची समदी क च्या घरात जाऊन बसल्यात. आन् ज्ञ ची ज च्या घरात."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. यंत्राच्या लेखी क्ष म्हणजे क ला ष जोडलेला, म्हणून तो क मध्येच बसणार; ज्ञ चंही तसंच, ज ला ञ जोडलेला. मराठीत क्ष शेवटी येतो हे त्याला ठाऊक व्हायला भाषा आणि प्रदेश निवडून द्यावे लागतात. मी तिकडे बोटही लावलं नव्हतं. यंत्र आलं तसं परदेशी सवयीने चाललं होतं. मी मराठी निवडली, यादी पुन्हा लावली, आणि ती शहाण्यासारखी ज्ञ वर येऊन थांबली.

"म्हंजी त्याला गावच सांगितलं न्हाई तुम्ही," मामा हसले. "मंग त्या बिचाऱ्याला कसं कळावं?"

दुसऱ्या दिवशी शेठजींसमोर कबुली द्यायची असं मी ठरवून गेलो होतो. पण मी तोंड उघडायच्या आतच मामा म्हणाले, "शेठजी, चूक माझी हाय. जावईबापू बराबर काम करून राह्यले. कप्प्यांचा क्रम म्याच सांगाया पायजे होता, तो राह्यला." शेठजींनी मान डोलावली आणि त्यांच्या ओळखीतलं आणखी एक काम तिथल्या तिथे मला देऊन टाकलं. तीन दिवस चोर ठरलेल्या माणसाने माझं पोट सांभाळलं. मला कामाची गरज होती. मी गप्प बसलो.

मामा आता नाहीत, शेठजीही नाहीत. मामींच्या डब्यात हळद अजून शेवटीच असते. नवं यंत्र लावायला घेतलं की ते सगळ्यात आधी भाषा आणि प्रदेश विचारतं. मी मराठी निवडतो आणि एक छोटी यादी करून ती ज्ञ वरच संपते ना, ते बघतो. मग "शेठजी, चूक माझी होती" हे वाक्य मनातल्या मनात म्हणतो. ते ज्यांच्यासमोर म्हणायचं होतं, तेच आता ऐकायला उरले नाहीत.