भरल्या हळदीत मिररिंग

माझ्या लॅपटॉपची काही बटणं अजून पिवळी आहेत. ऑफिसात कुणी विचारलं की मी सांगते, नेटवर्कवालीने स्वतःच्याच हळदीत काम काढलं की असं होतं, आणि मलाच हसू आवरत नाही.

आमच्याकडे, राई गावच्या आगरी घरांत, हळद लागते ती धवळारीण गायला बसली की. लग्नाचा एकेक विधी गाण्यातून पुढे नेणारी ती बाई. आमची धवळारीण म्हणजे माझी आत्या, बाबांची थोरली बहीण. घरातल्या एकूणएक पोरी तिच्या आवाजात बोहल्यावर चढल्या, आणि एकूणएक पोरींनी तिची बोलणीही खाल्ली. कारण तिचा नियम कडक: धवळा, म्हणजे ते लग्नाचं गाणं, चालू असताना नवरीने तोंड उघडायचं नाही. शेवटची मी उरले होते, आणि ऐन लग्नाच्या तोंडावर आत्या तिच्या गावी, तारोडीला, अंगणात घसरली. पाय प्लास्टरमध्ये. "पाय मोडलाय, गला न्हाय," ती फोनवर म्हणाली. मग ठरलं, तिने खाटेवरून व्हिडिओ कॉलवर गायचं आणि आम्ही हॉलच्या स्पीकरवर ऐकायचं. हॉलच्या कॉम्प्युटरला केबल लावून जोडणी मीच केली. आदल्या दिवशी रिकाम्या हॉलमध्ये आवाज खणखणीत आला होता.

हळदीला मात्र हॉल गच्च भरला, माझे हात पिवळे झाले, आत्याने सूर लावला आणि त्या सुराचे तुकडे पडायला लागले. अर्धा शब्द यायचा, मग शांतता, मग तिसऱ्याच ओळीचं शेपूट. बायका खुदुखुदु हसायला लागल्या. एक काकी सहज बोलून गेली, "मोबाईलमदी रेकॉर्ड केलेला धवला हाय, तो लावा ना!"

आमचा माईक चालूच होता. पलीकडे आत्याने गाणं सोडलं. मग म्हणाली, "लावा मंग. माझा काय काम आता?" तेही तुटक तुटक आलं, पण सगळ्यांना कळलं. माझं डोकंच फिरलं. मी पाटावरून उठले.

"नवरी उठली! नवरी उठली!" मागे एकच कालवा. मी मेकअपच्या बॅगेतून लॅपटॉप ओढला आणि हॉलच्या ऑफिसात घुसले. मॅनेजर खुर्चीतून उडालाच. "मॅडम, लाइन तो एकदम फर्स्ट क्लास है!"

"तो फिर देखने दो ना," मी म्हटलं, आणि बिचाऱ्याने हळदीला घाबरून जागा दिली.

भिंतीवर स्विच होता. हॉलमधल्या सगळ्या केबली ज्या डब्यात येऊन मिळतात, तो. त्याला सांगता येतं की बाबा रे, बाहेरच्या लाइनवर जे काही येतंय-जातंय त्याची हुबेहूब प्रत या दुसऱ्या केबलवर पाठव. हेच मिररिंग. कोण काय बोलतंय ते त्यात दिसत नाही, पण कोण किती बोलतंय ते दिसतं. प्रत घेणारी केबल मात्र फक्त ऐकते. मी लॅपटॉप तिथे लावला तसं त्याचं स्वतःचं नेट गेलं, आणि तो पाटावरच्या नवरीसारखा, येईल ते अंगावर घेत मुकाट बसला.

आणि काय काय आलं! फोनच फोन. कुणी काहीतरी भलंमोठं चढवतंय, माझ्या हळदीचा व्हिडिओच असणार, कुणी क्रिकेटच्या साइटवर बसलंय, आणि त्या गर्दीत आत्याची बारीकशी धार कुठल्या कुठे. पण हॉलचं वायफाय इतक्या जणांना मिळालं कसं? मग आठवली दारातली रांगोळी. मोराच्या पिसाऱ्याखाली सुस्वागतम, आणि त्याखाली पाच रंगांत पासवर्ड. बाबांची कल्पना. पावन्यांना काय कमी पडाला नको!

तेवढ्यात बाबाच धापा टाकत आले. मी म्हटलं, "पाहुण्यांचं वायफाय बंद करतेय."

"येडी झालीस का गो? नाक कापला जाईल आपला!"

"आणि आत्या?"

बाहेर स्पीकरमधून तिचा फाटका आवाज येतच होता, "लावा, रेकॉर्ड लावा..." बाबा क्षणभर ऐकत उभे राहिले. मग दारापर्यंत गेले आणि ती मोठी रांगोळी त्यांनी पायाने फराफरा पुसून टाकली. त्याचा काडीचा उपयोग नव्हता, पासवर्ड कधीच सगळ्यांच्या फोनात जाऊन बसला होता. पण मला परवानगी मिळाली होती. मी पिवळ्या बोटांनी वायफायच्या केबली पटापट उपटल्या. मॅनेजरने डोळे मिटून घेतले. हॉलमध्ये "नेट गेला, नेट गेला" सुरू झालं, आणि मी साडी वर धरून पळत पाटावर येऊन बसले.

बाबांनी माईक तोंडाशी धरला. "बाय, तू गा. रेकॉर्ड-बिकॉर्ड काय न्हाय लावाचा."

आत्याने सूर लावला. तो आला, अख्खा, खोकल्यासकट. दोन कडवी झाल्यावर ती मध्येच थांबली.

"पोरी, आयकू येतंय का गो?"

काकीने माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. नियम मलाही माहीत होता. पण मला कुठलं राहवतंय! आनंदाने रडू फुटलं होतं. मी ओरडले, "येतंय, आत्या! सगळं येतंय!"

तसे स्पीकर दणाणले.

"मंग गप बस की! धवला चालू असताना नवरीनं बोलाचा न्हाय, किती येला सांगू?"

एक अक्षरही तुटलं नाही. सगळा हॉल हसला, बाबा सगळ्यांत मोठ्याने, आणि आत्या पुढच्या कडव्याला लागली.