दादाची खाडी

मोबाईलचा फुटका डिस्प्ले उकलला की काचेमागे एक पातळ पांढरी पट्टी निघते. करंट दिला की ती सबंध उजळते. माझा दादा निजामपुऱ्यात मोबाईल दुरुस्तीच्या गाळ्यावर कामाला होता. मेलेल्या फोनांमधल्या असल्या पट्ट्या त्याने वर्षभर डब्यात साठवल्या आणि गणपतीच्या मखरात त्यांची खाडी करायला घेतली. आमचं आजोळ खाडीकाठच्या कशेळीचं. निळ्या जिलेटीनखाली पट्ट्या लुकलुकल्या की भरतीचं पाणी थेट देवाच्या पाटाला लागलंय असं वाटायचं.

सुंदर होती हो! पण मला तिच्याकडे बघवत नव्हतं. या पठ्ठ्याने अडॅप्टर न लावता, तोरणाच्या दिव्यांसारखं सगळं एकाला एक जोडून थेट घरच्या लाईनीवर टाकलं होतं. वायरी उघड्या आणि भोवती थर्माकोल.

"दादा, शॉक लागून मरशील."

"घाबरट कुठली! काय नाय होत."

गल्लीत दिवसभर कापड विणायचे लूम खडखडायचे, त्यामुळे व्होल्टेज कायम पडलेलं. ट्यूब धड लागायची नाही. दादाने त्या मरतुकड्या लाईटच्या हिशेबाने पट्ट्या जोडल्या होत्या. शुक्रवारी दुपारी नमाजाला मात्र सगळे लूम एकदम थांबायचे आणि व्होल्टेज उसळायचं. त्याआधी टीव्ही, फ्रिज बंद करायचा, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्या वर्षी गौरी जेवायच्या त्या दिवशी नेमका शुक्रवार आला. नैवेद्याच्या धांदलीत वार कुणाच्या लक्षात राहतोय!

दादा मखरामागे पालथा पडून, चालू लाईनीत हात घालून एक सैल वायर बसवत होता. मी नैवेद्याचं पान घेऊन आले आणि बाहेरची खडखड थांबली. डोक्यावरचा पंखा सुसाट सुटला.

खाडी पांढरीफटक पेटली.

"बघ, बघ, काय उजेड आलाय!" दादा आतून ओरडला. खूश होता तो.

हात काढ म्हणायला मी तोंड उघडलं, आवाजच फुटेना. जळका वास आला. बटण मखराच्या आड, भिंतीत. तिथवर हात पोचणार नव्हता. पान टाकून मी दाराकडे धावले आणि मेन स्विच खाली ओढला.

पंखा थांबला. गल्ली चिडीचूप, मखरामागेही चिडीचूप.

"दादा?"

देवा, घे ती खाडी, घे ते मखर, पण माझा भाऊ दे, असं काहीबाही मी बडबडत होते.

"लाईट का घालवलीस गं?" बारीक आवाज आला.

त्याला ओढून बाहेर काढलं. बोटं भाजली होती. त्याच्या गालाशेजारीच थर्माकोल वितळून भाकरीएवढं भोक पडलं होतं. मी त्याच्या पाठीत दणकन धपाटा घातला आणि भोकाड पसरलं.

मला पुढे वळ गावात दिली. आमच्या घराजवळ लूम नाहीत. पण पंखा मध्येच जोरात पळायला लागला की त्या दिवशी न फुटलेला आवाज आता फुटतो, "दादा, हात काढ!" नवरा हसतो. मला अजून हसू येत नाही.