पिलारकाकूंचा वाडगा

स्पेनमधल्या एका डोंगराळ गावात आम्ही चार दिवस राहिलो. मला तिथलं स्वयंपाकघर फार चांगलं आठवतं.

बेत माझाच होता. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि स्पॅनिश शिकणारी तर बहुधा सगळ्या नातेवाइकांत पहिली. आई इंग्लंडात, लेस्टरमधल्या एका हॉस्पिटलच्या किचनमध्ये काम करते आणि घरी येऊन पुन्हा स्वयंपाक करते. तिची एकच अट होती : "चार दिवस मी गॅस पेटवणार नाही!" मी कबूल केलं. गावातलं चर्च, तिथलं खाणं, बाहेरची दरी, असा रंगीत तक्ताही केला. (बाबा बस चालवतात. त्यांनी तो वेळापत्रकासारखा दोनदा तपासला.)

पहिल्याच दुपारी खाली राहणाऱ्या घरमालकीणबाई पिलारकाकू वर आल्या. हातात मातीचा वाडगा, त्यात पालक घातलेले गरम काबुली चणे. आम्ही चाटूनपुसून खाल्ले. मी वाडगा धुतला आणि परत द्यायला निघाले.

"रिकामा?" आईने दारातच अडवलं. "अगं, काय म्हणतील त्या?"

"आई, इथे कुणी काही म्हणत नाही."

"म्हणून आपण रीत सोडायची?"

गॅस पेटला. बॅगेतून रवा निघाला. (स्पेनला रवा कशाला आणला, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.) मी शिरा घेऊन खाली गेले. पिलारकाकूंनी चमचाभर खाल्ला, डोळे मिटले आणि तासाभरात तोच वाडगा तांदळाच्या खिरीने भरून वर आला!

दुसऱ्या दिवशी दरीकडे जायचं होतं. त्याऐवजी कांदाभजी झाली. भजीच्या बदल्यात बटाट्याचं जाडजूड ऑम्लेट आलं. आम्ही मसालेभात पाठवला. खालून भाजलेल्या मिरच्या आल्या. तिसऱ्या दिवशी चर्च बंद होईपर्यंत आई कोबी चिरत होती.

"पाय दुखायला लागले गं," ती म्हणाली. "पण या बाई थांबतच नाहीत. तू त्यांना सांगतेस तरी काय?"

"आईला फार आवडलं, असं."

"दुसरं काही शिकवलं नाही का तुला?"

शिकवलं होतं. पण 'कृपा करून आता काही देऊ नका' हे कुणाला न दुखवता कसं म्हणायचं, ते धड्यात नव्हतं. मी जिन्यात उभी राहून तालीम करायचे आणि दार उघडलं की 'फार आवडलं' म्हणून मोकळी व्हायचे!

चौथ्या सकाळी वाडग्यातून ऑलिव्ह आले. आमची बस तासाभरात होती. आईने बाही वर सरकवली आणि कांदा उचलला.

ते बघून बाबा उठले. ऑलिव्ह ताटात ओतले, वाडगा धुतला आणि तो रिकामाच घेऊन जिना उतरू लागले.

"अहो! अहो, काय करताय हे!" आई त्यांच्या मागे. मी आईच्या मागे.

पिलारकाकूंनी वाडग्यात डोकावून पाहिलं. एक लांबलचक सुस्कारा सोडला, मटकन खुर्चीत बसल्या आणि घडाघडा बोलायला लागल्या.

"रागावल्या ना?" आई कुजबुजली.

"नाही गं. त्यांचे गुडघे सुजलेत. चार दिवस मैत्रिणींकडे पत्ते खेळायला जाता आलं नाही म्हणतात. आणि..." मला पुढचं सांगवेना. "भांडं रिकामं परत द्यायचं नाही, असं त्यांच्याही आईने शिकवलंय."

आई त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसली. तिने स्वतःचे गुडघे दाखवले. मग दोघी पोट धरधरून हसल्या. त्यांना भाषांतराची गरजच पडली नाही.

दरी आम्ही बसमधून पाहिली. तीन मिनिटं. आई तोवर झोपली होती.

"चार दिवस तू दोघींच्या मधे होतीस," बाबा हळूच म्हणाले. "दोघी दमल्यात, हे तुला कळत होतं?"

"हो."

"बरं. पुढच्या वर्षी कॉलेजात काय शिकवणार आहेत?"

मी तोंड खिडकीकडे वळवलं.

"दुभाष्याचं काम," मी म्हणाले.