पाखराचं सुतक

निर्मलामावशींची आणि माझी पहिली भेट गुढीपाडव्याला झाली, तीही बंद जाळीच्या दारातून. बँकेने माझी बदली कोलकात्याला केली होती. बायको पुण्यात शिक्षिका, मुलगाही तिथेच शिकणारा, त्यामुळे डमडममधल्या त्या तीन मजली इमारतीत मी एकटाच राहायला आलो होतो. तळमजल्यावर एक मराठी बाई राहतात असं कळलं होतं. सणाच्या दिवशी चार वाक्यं मराठीत बोलायला मिळतील, या आशेने मी श्रीखंडाचा डबा घेऊन खाली गेलो.

त्या दाराशी आल्या, पण दार उघडलं नाही. "आज नको. आमच्याकडे सुतक आहे."

मी ओशाळलो. कोण गेलं, असं हळूच विचारलं.

"बुलबुलाचं पिल्लू. आमच्या बोक्याने मारलं." चेहऱ्यावर चेष्टेची रेषही नव्हती. "फिटलं की सांगते. मग या, बसून खाऊ."

जिना चढताना मी हसलो होतो, हे इथे सांगून ठेवतो.

मावशी मूळच्या अमरावतीच्या. यजमान केंद्र सरकारच्या नोकरीत होते. निवृत्त झाल्यावर दोघांनी इथेच घर घेतलं आणि थोड्याच दिवसांत ते गेले. मूलबाळ नव्हतं. मासळीबाजारातून मागे लागून आलेला एक बोका तेवढा घरात होता. त्याचं नाव गुंड्या. इमारतीच्या मागे तळं होतं, जलपर्णीने निम्मं झाकलेलं, काठाला केळी आणि रान माजलेलं. गुंड्या पूर्वी तिथे मोकळा हिंडायचा. एकदा त्याने दयाळ पक्ष्याचं पिल्लू आणून मावशींच्या पायाशी ठेवलं. पिल्लाची आई दिवसभर खिडकीच्या गजावर बसून ओरडत राहिली.

"तिच्या घरात कुणी गेलंय, आणि मी इकडे देवापुढे दिवा लावून आरती म्हणू?" मावशींनी पुढे एकदा मला सांगितलं. "आलीच नाही रे तोंडातून आरती."

तेव्हापासून त्या सुतक पाळू लागल्या. तीन दिवस पूजा नाही, गोडधोड नाही, कुणाकडे जाणं नाही. खिडक्यांना जाळ्या ठोकून त्यांनी गुंड्याला घरात ठेवला. तरी दार किलकिलं सापडलं की तो निसटायचाच.

दुसऱ्या मजल्यावरच्या घोषबाबूंना हा सगळा प्रकार फार आवडायचा. जिन्यात मावशी दिसल्या की मावशीचं बंगाली 'माशीमा' करून ते हिंदीत विचारायचे, "माशीमा, आज किसका शोक है? चूहे का?"

"चूहे का नहीं रखती," मावशी पिशवी सावरत म्हणायच्या. "चूहा हमारे घर आता है. पंछी के घर हम जाते हैं."

घोषबाबू हसत वर जायचे. मी मात्र त्या वाक्यावर बराच वेळ अडकलो होतो.

हळूहळू माझ्या संध्याकाळी तळमजल्यावर जाऊ लागल्या. मावशी मला साहेब म्हणायच्या, पण एकेरीत. "काय करून राहिला साहेब? पुन्हा डाळभातच ना? ये, भाकरी टाकते." मी जेवायचो, गुंड्या मांडीवर येऊन बसायचा. एकदा मी म्हटलं, "मावशी, मांजराचा स्वभावच तो. त्याला काय पाप?"

"त्याला नाहीच पाप. मी कुठं म्हणते? पण रानातला बोका पोटासाठी मारतो. याचं पोट मी भरते, अंथरूण मी घालते. पोसायचं आपण आणि निस्तरायचं पाखरांनी, असं कसं जमेल बाप्पा?"

मी मान डोलावली. वयस्कर, एकट्या बाईचा छंद म्हणून मी ते मनात एका बाजूला ठेवून दिलं.

ज्येष्ठात अमरावतीला लग्न निघालं. मावशींचा भाचा शरद, त्याच्या मुलीचं, गार्गीचं. यजमान गेल्यापासून माहेरच्या लग्नांत मावशींची जागा मागच्या खुर्च्यांत असायची. कुणी तसं सांगायचं नाही, त्याच जाऊन बसायच्या. या वेळी गार्गीने स्वतः फोन केला. आजी, माझ्यामागे दिवा घेऊन करवली म्हणून तूच उभी राहायचं, दुसरं कुणी नको.

"सत्तरीची करवली! लोक हसतील रे," असं म्हणत मावशी दिवसभर स्वतःच हसत होत्या. लाल काठाची तांताची, बंगाली सुती साडी त्यांनी मला पुन्हा पुन्हा उलगडून दाखवली. जाताना किल्ली माझ्या हातात दिली. "दार उघडताना पाय आडवा धर. आणि तो रडेल. रडू दे."

तो फार रडला. मी दोन्ही वेळा जेवायला घालायचो, तरी दाराशी बसून एकसारखं विव्हळायचा. त्या रिकाम्या घरात तो आवाज मला ऐकवेना. बहुधा मला तो स्वतःचाच वाटत असावा. लग्नाच्या आदल्या दिवशी, सकाळी, मी दार उघडलं. मागच्या अंगणात जरा फिरेल आणि येईल, असं मी स्वतःला समजावलं.

थोड्या वेळाने तळ्याकाठी गेलो तर गुंड्याच्या पंजाखाली पांढऱ्या छातीची पाणकोंबडी होती, मान मोडलेली. जलपर्णीत तिची काळी पिल्लं काजळाच्या बोळ्यांसारखी इकडेतिकडे धावत चिवचिवत होती. मी गुंड्याला उचलून घरात कोंडलं आणि मावशींना फोन लावला. मागे सनई वाजत होती. मी सगळं सांगून टाकलं, दार मी उघडलं हेसुद्धा.

त्या म्हणाल्या, "जोडीतला दुसरा असेल जवळपास. तो पिल्लं सांभाळतो. तू तिथून हल, म्हणजे येईल तो. गुंड्या आत आहे ना?"

"आहे."

"बरं." आणि फोन ठेवला.

दुसरा पक्षी खरोखरच आला. पिल्लं त्याच्यामागे केळीत शिरताना मी वरच्या खिडकीतून पाहिली आणि मला हलकं वाटलं. रात्री जेवलोही पोटभर.

लग्नघरात मृत्यूची बातमी आली तर जाणती माणसं ती अक्षता पडेपर्यंत पोटात ठेवतात. सुतक कळल्यापासून लागतं. कळलं नाही तर लागत नाही. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. मावशींच्या नात्यातलं माणूस गेलं असतं तर मी तोंड मिटून बसलो असतो. पण पाखराचं सुतक मी कधी खरं मानलंच नव्हतं. माझ्या छातीवरचं ओझं मात्र मला खरं वाटलं, आणि ते उतरवायला त्या शहरात मला दुसरं कुणी नव्हतं.

मावशी परत आल्या त्या दिवशी मी खाली गेलो. उघड्या बॅगेतल्या लाल काठाच्या साडीची घडी मोडलेली नव्हती.

"मंडपाबाहेर खुर्ची टाकून बसले होते," त्या गुंड्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या. "मंगलाष्टकं चांगली ऐकू येत होती."

"आणि गार्गी?"

"रडली. शरद चिडला. म्हणाला, आम्ही तुला पाखरापेक्षाही हलके झालो का?" त्यांनी हात मागे घेतला. "त्याचं काही चुकलं नाही."

"मावशी, मला बोला काहीतरी. शिव्या द्या."

"तुला काय बोलू साहेब? तू तर सांगून मोकळा झालास." मग टेबलाकडे बोट केलं. "किल्ली ठेव तिथं."

त्यानंतरही त्या मला जेवायला बोलवत. भाकरी तशीच असायची, साहेब म्हणणंही सुटलं नाही. पण किल्ली परत कधी मिळाली नाही, आणि अमरावतीहून येणारे फोन थांबले. दिवाळीत त्या फोन जवळ घेऊन बसलेल्या मी पाहिल्या आहेत. तुम्हीच लावा, असं म्हटलं तर म्हणायच्या, "रागावलेल्या माणसाला वेळ द्यावा लागतो." तो वेळ पुरला नाही. गेल्या हिवाळ्यात त्या झोपेतच गेल्या.

शरद आला. अंत्यविधी आटोपल्यावर तो मावशींच्या घरात खुर्चीवर बसला. गुंड्याने जाऊन त्याच्या पायाला अंग घासलं. त्याने पाय मागे घेतला नाही, हातही लावला नाही.

"त्या दिवशी फोन तुम्ही केला होता?"

"हो."

"दुसऱ्या दिवशी केला असता तर चाललं असतं?"

"चाललं असतं."

पिल्लं ओरडत होती, मी घाबरलो होतो, मी एकटा होतो, हे सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. या वेळी मी ते गिळलं. शरदने जाळीतून तळ्याकडे पाहिलं.

"बोक्याचं काय करणार?"

"मी घेऊन जाईन वर."

"तुमच्या खिडक्यांना जाळी आहे?"

"नाही."

"मग आधी ती लावून घ्या," तो म्हणाला. आवाजात माफी नव्हती. त्याने वाकून गुंड्याला उचललं आणि मांडीवर घेतलं. "तोवर हा इथंच राहील. मी थांबतो."