अप्पांच्या आरडीला माझी किक

आमच्या घरात दोन मुलं वाढली. एक मी आणि दुसरी अप्पांची मोटरसायकल. लाड फक्त मोटरसायकलचे झाले.

ही मोटरसायकल म्हणजे आरडी ३५०! मूळची जपानी, शर्यतीच्या खानदानातली. दोन सिलिंडर, दोन सायलेन्सर आणि मागे निळा धूर. आपल्याकडे आली तेव्हा लोकांनी विचारलं, "देते किती?" पेट्रोल ढोसते म्हटल्यावर सगळ्यांनी पाठ फिरवली. पुढे ती कारखान्यातून निघायची बंद झाली आणि मग सगळ्यांना तिचा पुळका आला. अप्पांना मात्र तो पहिल्या दिवसापासून होता. मनवेलपाड्याच्या चाळीत पावसाळ्यात ती ताडपत्रीखाली कोरडी झोपायची, मी गळक्या पत्र्याखाली. मला बसायला मिळे ते मागच्या सीटवर आणि अप्पांचं एकच वाक्य ऐकायला, "घट्ट धर. हलू नकोस."

आता आम्ही एव्हरशाईन सिटीत राहतो. मला टक्कल पडलं, ऑफिसात हाताखाली माणसं आली. पण आरडीच्या चावीला हात लावायची परवानगी काही आली नाही. (मुलाखती देऊन नोकरी मिळते. बाप मिळत नाही.) यंदा अप्पांच्या गुडघ्याने मान टाकली, तेव्हा दसऱ्याच्या आदल्या दिवशी ते म्हणाले, "उद्या पूजा झाली की तू किक मार. बिल्डिंगला एक फेरी घालून दाखवलीस, तर गाडी तुझी. नाहीतर विकून टाकतो."

"जमेल ना हो?" आमच्या शीतलने विचारलं. ही रोज स्कूटरवरून शाळेत शिकवायला जाते, म्हणून हा तोरा!

मी पहाटे उठून आरडी धुतली. पाणी आत जाऊ नये म्हणून दोन्ही सायलेन्सरमध्ये आईच्या जुन्या साडीच्या चिंध्या कोंबल्या. मग आईने हळदकुंकू लावलं, चाकांखाली लिंबं ठेवली आणि सायलेन्सर बोडके दिसतात म्हणून त्यांनाही झेंडूचे हार गुंडाळले. गाडी लिंबांवरून घरंगळू नये म्हणून मी पहिला गियर टाकून ठेवला. स्वतःच्या हुशारीवर मी खूशही झालो!

क्लच दाबून किक मारली. काही नाही. दुसरी, तिसरी... अख्खी सोसायटी जमली.

"चोक दे, चोक!"

"अरे, जोर लाव! नाश्ता केला नाही काय?"

"अप्पा, ती ओळखत नाय वाटतं याला!"

अप्पा हसले. चारचौघांत माझ्यावर हसायची ही त्यांची जुनी सवय! मग त्यांचं लक्ष हारांतून डोकावणाऱ्या चिंधीकडे गेलं. "गाढवा, चिंध्या काढ!"

मी रागारागाने एक चिंधी उपसली. दुसरी घाईत राहिली. पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर पिळून सगळा जन्माचा राग किकवर काढला, आणि फाट्कन आवाज झाला! चिंधी झेंडूसकट आईच्या पूजेच्या ताटात पडली. मी दचकून क्लच सोडला. गियर होताच. लिंबं चिरडून, पुढचं चाक हवेत उचलून आरडीने झेप घेतली आणि सेक्रेटरींच्या नव्याकोऱ्या, नुकताच हार घातलेल्या गाडीच्या दारात जाऊन शिरली. मी खाली, ती वर!

अप्पा लंगडत धावत आले. वाकून त्यांनी प्रेमाने टाकीवरून हात फिरवला.

"अप्पा, माझा पाय..."

"थांब रे! आधी हिला उचलू दे."

पाय दोन ठिकाणी मोडला होता. आरडीचा फक्त आरसा फुटला.

अप्पांनी गाडी विकली नाही. चावी शीतलला दिली! मला जन्मभर न शिकवलेलं तिला दोन संध्याकाळींत शिकवलं, वर कौतुकाने म्हणाले, "हात आहे हो पोरीला!" रविवारी तीच मला प्लास्टर दाखवायला दवाखान्यात घेऊन गेली. गॅलरीतून अप्पा ओरडले, "सूनबाई, आरडी जपून ने गं!"

मी कुबड्या काखोटीला मारून मागच्या सीटवर चढलो. शीतलने एका किकेत गाडी सुरू केली आणि मान न वळवता म्हणाली, "घट्ट धरा. हलू नका."