शेवट आधी सांगणारी माणसं

आमगावच्या फलाटावर गाडी दिसायला लागली तेव्हा आईने पदर सारखा केला. बाबांनी डोक्यावरची बॅग खाली ठेवली आणि ती म्हणाली, "तिकडं हिंदीतच बोलजो. पन भांडण झालं तं मराठीत भांडजो, म्हंजे कोनाले समजनार नाही." बाबा हसले. मी बॅगेची चेन पुन्हा एकदा ओढून बघितली.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. बी.ए. गोंदियाला रोज जाऊन-येऊन केलं, आणि बी.एड.साठी रायपूरला आत्याकडे गुढियारीत राहायला आले. आता मी भाजीला सब्जी म्हणते, आत्याच्या शेजारणीला 'हो'च्या जागी 'हव' म्हणून उत्तर देते. तुम्ही जे गावातच राहिलात त्यांना हे ऐकून हसू येईल. जे माझ्यासारखे कुठे कुठे गेलात त्यांना येणार नाही.

गंमत अशी की रायपुरात जिच्याशी मला भांडावंसं वाटलं, तिला मराठी पूर्ण समजत होतं. तिचं नाव ऋजुता. त्यांचं घराणं नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून इथलं. मी मराठीत विचारलं की ती हिंदीत उत्तर द्यायची. सराव पाठांसाठी आम्हां दोघींना एकच शाळा मिळाली, तिला सहावी अ आणि मला सहावी ब. एक जुनी हिंदी बालकादंबरी घेऊन मुलांना कथेचे घटक शिकवायचे होते: पात्रं, स्थळ, संघर्ष, शेवट. कादंबरी मंगली नावाच्या खेचराची. ती डोंगरातून टपालाच्या थैल्या वाहते आणि शेवटी डाक पोचवून बर्फात मरते. आमचे पाठ बघणाऱ्या मॅडमनी सुरुवातीलाच सांगितलं होतं की बाहेरचे परीक्षक येतील तेव्हा या पुस्तकावरचा पाठ दोघींपैकी एकच देईल, सगळ्या कॉलेजसमोर.

तो पाठ मला हवा होता. बाबांना फोनवर सांगता यावं म्हणून हवा होता, आणि ऋजुताला मिळू नये म्हणूनही हवा होता.

ती कादंबरी मी बावीस वर्षांची होऊन वाचली. ऋजुताकडे तिची लहानपणची प्रत होती. एकदा तिने मला तेलीबांध्याला घरी नेलं तेव्हा दाखवली. पहिल्या पानावर रंगीत खडूने तिचं नाव, मधल्या एका पानावर दुधाचा डाग. तिचे बाबा मंगलीचा आवाज काढून वाचायचे म्हणे. "पापा इतना अच्छा हिनहिनाते थे ना," ती म्हणाली, आणि आतल्या खोलीतून तिच्या बाबांनी खरंच खिंकाळून दाखवलं. सगळे हसले. मी त्या डागाकडे बघत बसले. पुस्तक विकत घेता येतं, आत्याने घेऊनही दिलं होतं. डाग कुठून आणणार?

माझ्या पहिल्या पाठाला ती शेवटच्या बाकावर बसली होती. एकमेकींचे पाठ बघायचे असा नियमच असतो. मी पुस्तक उघडलं आणि म्हणाले, "यह मंगली की कहानी है। आख़िर में मंगली बर्फ़ में मर जाती है। चलो, अब शुरू से पढ़ते हैं।"

पहिल्या बाकावरच्या जागृतीने पुस्तक मिटलं. "मैडम, आपने तो बता दिया।" मागून एक मुलगा छत्तीसगढीत म्हणाला, "अब का पढ़बो?"

बाहेर आल्यावर ऋजुताला हसू आवरत नव्हतं. "यार, पहले ही दिन मार दिया बेचारी को?"

"आमच्याकडे शेवट कोणी लपवत नाही," मी म्हणाले.

"मतलब?"

मला तिला समजावून सांगता आलं नाही. तुम्हाला सांगायची गरज नाही. दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरते, रात्री दंडारीचं नाटक होतं, सगळं गाव चटया घेऊन येतं आणि राजाचा मुलगा मरणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. आई आम्हाला आधीच सांगायची, "ह्या पोट्ट्याले आता साप चावते, पाह्य." आणि साप यायच्या आधीच तिचे डोळे भरायचे. शेवट राखून ठेवायची गोष्ट असते, हे मला रायपुरात कळलं, तेही वर्गासमोर उभं राहून.

ऋजुताला ते जन्मापासून येत होतं. मंगली ऐन दरीच्या काठावर आली की ती पुस्तक मिटायची आणि म्हणायची, "बाक़ी कल।" मुलं ओरडायची, फाटकापर्यंत तिच्या मागे जायची. मी स्टाफरूमच्या खिडकीतून बघायची. माझ्या मागे कोणी येत नव्हतं.

माझ्या वर्गात वेगळंच सुरू झालं. प्रत्येक प्रकरणाआधी कोणीतरी विचारायचं, "मैडम, आज तो नहीं मरेगी न?" मी सांगायची, आज नाही. मग मुलं नीट सरसावून बसायची. मंगली डाकवाल्याच्या पिशवीतला गूळ चोरून खाते त्या प्रसंगाला सहावी अ पोट धरून हसली होती. माझा वर्ग हसला नाही. जागृती हळूच म्हणाली, "खाने दो उसको।"

त्या दिवशी मॅडम मागे बसल्या होत्या. मी ठरल्याप्रमाणे विचारलं, या गोष्टीत संघर्ष कोणता? उत्तर 'खेचर आणि डोंगर' असं यायला हवं होतं. जागृती उभी राहिली. "मैडम, हमको पता है। उसको नहीं पता।"

मॅडमचं पेन थांबलेलं मी पाहिलं. घरी जाताना वाटलं, पाठ मलाच मिळणार.

दोन दिवसांनी त्यांनी आम्हाला बोलावलं. "तुम्हारी क्लास मुझे याद रहेगी," त्या मला म्हणाल्या. "लेकिन परीक्षक जिज्ञासा देखते हैं। पाठ ऋजुता देगी।"

जिन्यात ऋजुता माझ्याशी पहिल्यांदा मराठीत बोलली. "तुला वाईट वाटलं का गं?"

"नहीं यार," मी म्हणाले.

परीक्षक आले त्या दिवशी मी मागच्या बाकावर होते. तिने पाठ फार सुंदर घेतला. योग्य जागी थांबली. परीक्षकसुद्धा पुढे झुकले. मला सगळं आवडलं, आणि तेच सहन होत नव्हतं.

सुट्टीत गावी गेले तेव्हा ते पुस्तक सोबत नेलं. दुपारी आई मुगाच्या शेंगा सोलत बसली होती. मी मराठी करत वाचायला लागले. पानभर झालं असेल.

"मरते का वं ते शेवटी?" आईने विचारलं.

"नाही सांगत. ऐक तू."

मला करून बघायचं होतं. दरी आली तिथे मी पुस्तक मिटलं. "बाकी उद्या."

आईचे हात थांबले. "काहून? घरात कायले लपवून राहिली?"

रागावली नव्हती. पाहुण्याला विचारावं तसं विचारलं तिने. मग शेंगा सोलायला लागली. मी पुस्तक उघडून पुढे वाचलं तरी तिचं लक्ष नव्हतं.

"मरते," मी म्हणाले. "बर्फात. डाक पोचवून."

"अगाई." तिने पदराने डोळे टिपले, सूप बाजूला सारलं आणि माझ्याजवळ सरकून बसली. "हं. आता वाच. पयलेपासून वाच."

मी पहिल्यापासून वाचलं. मंगली ओढ्यावर नुसतं पाणी पिते, एवढंच असलेल्या पानावर आई रडली.

ऋजुतासारखं थांबणं मला येत नव्हतं, ते आता येतं. परवाच सहावी ब माझ्यावर ओरडली, दुसरं पुस्तक नेमक्या जागी मिटलं म्हणून. मला बरं वाटलं. पण त्या दुपारी मला आईचा जेवढा हेवा वाटला तेवढा ऋजुताचा कधी वाटला नव्हता. घर म्हणजे माझ्यासाठी आता तेच आहे, सगळं माहीत असून पाण्याच्या घोटाला रडणारी आई. तिच्या शेजारी बसून मी वाचत होते, आणि माझं निम्मं लक्ष कुठे थांबायचं याकडे होतं.