पेरूच्या पानांचं पाणी

चैत्रातला रविवार. वर्षाच्या चटणीच्या मिरच्यांचे देठ काढून झाले — तिखटाला संकेश्वरी, रंगाला ब्याडगी. हात धुतले तरी चुरचुरताहेत. तरी लिहिते. हे मी नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही.

देठ काढायला सुनंदा आली होती. माझी धाकटी जाऊ. शेजारीच राहते, म्हशी सांभाळते. म्हणाली, "अक्का, औंदा माझी चटणी येगळी काढा, बिनतिखटाची. तोंडात आग हुतीया." आणि स्वतःच हसली — "कोल्हापूरची बाई आन् बिनतिखटाची चटणी! म्हायेरी कळलं तर परत बोलवून घेतील." हसताना तोंडावर पदर धरला. खालचे पुढचे दोन दात हलतात तिचे.

ते माझ्यामुळे हलतात का? निम्मे तरी.

हिरड्यांचं औषध विचारायला गल्लीतल्या बायका माझ्याकडे येतात. माझ्या हिरड्यांतून रक्त यायचं, आणि मी घरच्या घरी बरी झाले — असं सगळ्यांना ठाऊक आहे. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. पेरूची पानं उकळून गार केलेलं पाणी. मऊ ब्रश. चहात साखर नाही. जेवणात काकडी, आवळा, पालेभाजी. हे सगळं मी खरंच केलं. मग कबुली कसली?

मी मिसरी लावत होते.

तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखू. आई लावायची, मीही लावू लागले. पुढे शिक्षिका झाले. शाळेत मुलांना तंबाखूमुक्तीची शपथ मीच द्यायचे — हात पुढे, आवाज खणखणीत. आणि घरी न्हाणीची कडी लावून त्याच हाताचं बोट हिरड्यांवर फिरवायचे. मिसरी लावणाऱ्या बायकांना अडाणी म्हणायचे. सुनंदाला तोंडावर म्हटलंय.

रक्त थांबेना, तेव्हा नृसिंहवाडीला दर्शनाला जाते असं सांगून जयसिंगपूरला दातांच्या डॉक्टरकडे गेले. इथं ओळखीचं कुणी भेटलं असतं ना! डॉक्टरीणबाईंनी तोंडात पाहिलं आणि विचारलं, "मिसरी?" मान हलवली. त्यांनी दातांवरचं कीटण काढलं. म्हणाल्या, ही सोडली नाही तर बाकी सगळं वाया. सोडली. येताना स्टँडवरचे पेढे घेतले आणि वाडीचा प्रसाद म्हणून वाटले. सुनंदानं कपाळाला लावून खाल्ला.

बरी झाले, आणि श्रेय पेरूच्या पानांना दिलं.

मग सुनंदाच्या हिरड्या सुजल्या. मी तिला पानं उकळायला शिकवलं. ती नेमानं गुळण्या करायची — आणि वरून मिसरी लावायची. औषध आत धरून राहावं म्हणून! मी बघत होते. टोमणे मारले, नाही असं नाही. "मास्तरणीगत बोलू नका अक्का," म्हणून ती हसण्यावारी न्यायची. टोमण्यानं कुणी मिसरी सोडतं का? मी सोडली होती का? "मीही लावत होते, सोडली, म्हणून रक्त थांबलं" — हे एक वाक्य ऐकलं असतं, तर तिनं सोडली असती. ती माझं ऐकते. पण ते वाक्य बोलायचं म्हणजे पुढचं सगळं बोलायचं. शपथा, शाळा, पेढे. तिच्या दातांपेक्षा मला माझं नाव मोठं वाटलं. दुसरं काही कारण नाही.

सोमवार. सकाळी तिच्या दारात गेले. पायरीवर बसून मिसरीच लावत होती. उभ्याउभ्याच सांगितलं — न्हाणी, जयसिंगपूर, सगळं.

तिनं चूळ भरली. "म्हंजे ते पेढं वाडीचं न्हवतंच?"

"नव्हते."

"आन् ही पानं मी कशापायी उकळत बसले?"

ती धारेची चरवी उचलून गोठ्यात गेली. मिसरीची डबी पायरीवरच राहिली. मी डबीला हात लावला नाही. घरी आले, जयसिंगपूरला फोन करून सुनंदाच्या नावानं वेळ घेतली. येईल का, ते तिचं ती ठरवेल. मग तिच्या चटणीसाठी नुसती ब्याडगी निवडून वेगळी ठेवली.